हेही पाहा

एका नोंदीचे साडेतीन रुपये.
कंत्राट अकरा महिन्यांचं.
बारावा महिना कंत्राटाला कधीच नसतो,
महालातल्या या वाचनालयात माझ्याआधी बसलेल्या
दोघींनाही ते ठाऊक होतं.

कपाटाला बहात्तर खण.
पितळी कड्या हात लागून लागून गुळगुळीत.
आत गजात ओवलेली कार्डं,
कार्डांवर गजभिये बाईंचं अक्षर,
ठेंगणं, ताठ, टाकानं लिहिलेलं.
त्यांना मी पाहिलेलं नाही. अक्षरावरून वाटतं,
चष्मा दोरीला बांधत असतील.

आणि कोपऱ्यात पेन्सिल.
"पान ६१ नाही. आले तेव्हाच नव्हते."
"बुनकर कॉलनीतले आजोबा दर मे महिन्यात नेतात. राखून ठेवणे."
"लोक याला निळे पुस्तक म्हणतात.
बांधणी बदलली, आता तपकिरी आहे.
तरी निळेच मागतात."

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चौकोन नाही.
लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पृष्ठे, सेंटिमीटर.
यातलं एक रिकामं सोडलं की चौकोन लाल होतो.
पेन्सिल गाळली
तर काहीच लाल होत नाही.

जुन्या मुखपृष्ठांवर 'नांव' आहे, टिंबासकट.
यंत्राच्या लेखी नांव आणि नाव या दोन वस्तू.
त्याचंही बरोबरच म्हणा,
एक नाव पाण्यात चालते.
मी दोघांत दोरी बांधते: 'पाहा'.
दिवसाला अशा तीस-चाळीस दोऱ्या,
त्यांचे पैसे नाहीत.

मार्चपासून यंत्र विषयही स्वतःच सुचवतं.
वाळ्याच्या ताट्या कशा बांधाव्यात
यावरची एक बारकी पुस्तिका होती, बावीस पानांची.
यंत्र म्हणालं: दागिने. बालसंगोपन.
मी एकटीच हसले.
बाहेर पंचेचाळीस होते
आणि खिडकीतला कूलर
ओल्या ताटीतून तोच वास टाकत होता.
यंत्राला नाक नाही, त्यात त्याचा काय दोष.
खोडलं. लिहिलं: वाळा, गवत.
हेही पाहा: खस.
हेही पाहा: कूलर.
हेही पाहा: नागपूर, उन्हाळा.

"का करून राहिली वं, सहा वाजले,"
आष्टनकर किल्ल्या वाजवत दारात.
पुण्याहून फोन: नव्वदच्या साठ का झाल्या?

कारण मला एक चौकोन सापडला आहे.
अगदी खाली, सर्वसाधारण टीप,
भरला नाही तरी चालतो असा.
तिथे मी पेन्सिल उतरवते,
जशीच्या तशी.

उद्या एखादी पोरगी
फोन तोंडाजवळ धरून म्हणेल,
ते निळं पुस्तक कुठं आहे?
आणि निळं म्हणजे काय हे ज्याला कळत नाही
ते यंत्र तिला नेमकं
तपकिरीपाशी नेऊन सोडेल.
तिला वाटेल, किती हुशार आहे हे.
वाटू दे.

कपाट गेलं गेल्या आठवड्यात.
इतवारीतल्या काष्ठौषधीवाल्याने
वजनावर नाही, खणांवर भाव केला.
परवा मुद्दाम गेले.
चिठ्ठ्या त्याने काढलेल्या नाहीत.
'अ ते आं' मध्ये ज्येष्ठमध,
'क्ष ते ज्ञ' मध्ये हिरडा.
वाळा मागितला तर न बघता
'थ ते दि' ओढला त्याने.
नोंद कुठं ठेवता? मी विचारलं.
"हात जाते ना बरोबर."

पुडी बांधायला तो वळला.
मुळ्यांखाली, खणाच्या तळाला
एक कार्ड चिकटून बसलेलं होतं.
गजातून कधी सुटलं कोण जाणे.
शीर्षक उडालेलं, क्रमांक अर्धा,
पेन्सिल शाबूत:
"पुस्तक परत आलेले नाही.
कार्ड काढू नये."

मी काढलं नाही.
वाळा वर सारखा केला,
त्याने खण लोटला.