कडेची चौकट

पारा पंचेचाळीसच्या वर. कूलरच्या वाळ्यावर
देवाजी मगभर पाणी मारून जातो
आणि माझ्या पडद्यावर भरती येते.

नागपुरात बसून मी समुद्र चालवते.
चौदा हजार चौकटी, एकेकीत पाण्याचे सात थर;
खाडीच्या तोंडाशी बारीक विणलेल्या,
बाहेर खोलात ऐसपैस,
जणू तिथे कुणी राहतच नाही.

"बाई, खरा समुद्र पायला का तुमी?"
दोनदा. एकदा लग्नानंतर,
एकदा नमुने घ्यायला. दुसऱ्यांदा नीट पाहिला.

वीस-वीस सेकंदांनी प्रत्येक चौकट
शेजारणीला विचारते :
तुझ्याकडून किती आलं, मी किती ढकलू?
मैला, अमोनिया, उरलासुरला प्राणवायू.
कुजण्याच्या वेगालाही एक आकडा असतो,
तो मीच ठरवते.

मागच्या आठवड्यात पोशा नाखवांचा फोन :
"मॅडम, तुमचा नकाशा निला हाय,
आमची खारी नाय.
कालवं फोडली त आतून काली.
घान जाते ओहोटीला, बरोबर हाय तुमचा,
पन भरतीला परत येते ना ती."

परत येते.
रात्री एकला मी फाइल उघडली.
बाहेरच्या कडेला, जिथे माझं गणित संपतं,
तिथे दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं :
आत येणारं पाणी स्वच्छ.
गेलं ते गेलं. सासरी गेल्यासारखं.

कड बदलली. समुद्र पुन्हा चालवला, तीन रात्री.
निळ्यात तपकिरी उतरलं,
नाखवा म्हणाले होते तिथेच, कालवांच्या खडकापाशी.
मला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

मंत्रालयातून साहेब विचारतात :
सांडपाण्याचा पाइप तीन किलोमीटर आत न्यायचा की पाच?
एक आकडा द्या.
मी लिहिलं : पाच, वारा दक्षिणेचा नसेल तर,
आणि आधी पाणी शुद्ध केलंत तर तीनही चालतील.
त्यांनी फक्त पाच उचलला.
उरलेलं वाक्य माझ्याकडेच आहे, जपून ठेवलंय.

संध्याकाळी स्कूटी नाग नदीच्या पुलावर अडकते.
सिग्नल लांब, वास जवळ.
ओढणी नाकाला लावते नि हिशेब आपोआप सुरू होतो :
सकाळची माझी आंघोळ, देवाजीचं चहाचं पातेलं,
अख्ख्या शहराची मोरी,
इथून कन्हान, कन्हानातून वैनगंगा,
मग प्राणहिता, मग गोदावरी,
मग समुद्र. माझा नव्हे,
तो दुसरा, पूर्वेचा.

तिकडेही कुठल्या तरी खोलीत
कुणी बसलं असेल असाच पडदा लावून.
त्याच्या कडेला, नदी शिरते त्या रकान्यात,
मी असेन, वरून येणारी.

हिरवा होतो. मागचा पोट्टा हॉर्न मारतो.
त्यानं तिथे शून्य लिहिलं नसलं म्हणजे झालं.