तळघरातला फ्रिज

पाचवा अल्बम आला. पोस्टाने.
कालिनाने पाठवलाय. पाकिटावर माझं आडनाव
अजूनही चुकीचं. आत चिठ्ठी नाही.
वाटलं होतं, मुखपृष्ठावर आता चौघांऐवजी तिघं असतील.
कुणीच नाही. नुसता करडा बाल्टिक,
तोही अर्ध्यात कापलेला.

ट्रॉलीबसच्या डेपोतून रात्रपाळी करून आलं की
हातांना तांब्याचा वास येतो.
तसाच, हात न धुता, तबकडी लावली
आणि कोटासकट खुर्चीच्या कडेवर बसलो,
डॉक्टरने आत बोलवायची वाट बघत बसतात तसा.

पहिलं गाणं सुरूच होईना.
म्हणजे होत होतं, मलाच कळत नव्हतं.
जिथे झेमोवित घसा फाडून ओरडायचा
(ग्दिन्या बंदरातले भोंगे त्याला वचकून असतात,
असं आम्ही मुलाखतींत ठोकून द्यायचो)
तिथे तो आता बोलतो,
पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय असा.
यारोमिरची गिटार पूर्वी विटा फेकायची.
आता तो एक सूर सोडतो
आणि त्याचं पुढे काय होतं ते बघत राहतो.

डेपोतला तिमोन, वय बावीस, म्हणाला,
"थकले तुमचे लोक. ड्रम कुठे गेले?"
ड्रम आहेत, बाबा.
डावा कान गेल्यापासून
कालिना त्यांना मारत नाही, चाचपते.

मी मात्र भलतंच शोधत होतो.
लाज वाटते सांगायला:
माझ्या जागी कोणाला घेतलं ते.
सात वर्षं खर्ज धरला मी,
ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही
आणि जो सुटला की वरचे सगळे लटपटतात.
लोकांना वाटतं, पैशावरून फाटलं.
पैसे होते कुठे?
फाटलं ते एका थांबण्यावरून.
यारोमिर म्हणाला, इथे चार मात्रा गप्प राहू.
मी म्हणालो, गप्पच राहायचं तर घरी बसतो.
बसलो.

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
सगळे थांबतात.
चार मात्रा. आठ.
आणि खाली कुठेतरी
(मी सुई उचलली, पुसली, परत ठेवली)

घूंऽऽ

बोगुमिवाबाईंच्या मासळीच्या दुकानाखालचं तळघर.
हेरिंगची पिंपं, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे,
आणि कोपऱ्यात बाईंचा तो दमेकरी फ्रिज,
प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये नाक खुपसणारा.
तासभर बंद ठेवा हो, म्हणून किती विनवलं.
बाई म्हणायच्या, "मासे तुमच्यापेक्षा लवकर नासतात."
शेवटी मीच माझ्या तारा त्याच्याशी जुळवल्या.
ते कुणालाच सांगितलं नाही कधी.
वाटलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुकान गेलं. बाईही गेल्या.
तिथे आता दातांचा दवाखाना आहे.
मग हा आवाज आणला कुठून?
जुन्या कॅसेटवरून उचलला असेल,
मधल्या माझ्या शिव्या कापून.
किंवा दुसऱ्याच कुणाचा फ्रिज असेल
आणि मी आपला उगाच.

आतला कागद भिंग लावून वाचला.
गायन, गिटार, तालवाद्यं,
मोडीत निघालेल्या चॅपेलमधला पायपेटीचा ऑर्गन,
मग सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
बास – बोगुमिवाबाईंचा फ्रिज.

राग यायला हवा होता.
आलाही, थोडा. मग हसू आलं,
मग त्या दोघांच्या मधलं काहीतरी
ज्याने नाक गळायला लागतं.

स्वयंपाकघरात गेलो. माझा फ्रिज नवा आहे,
तोंडातून अवाक्षर काढत नाही.
कोट अजून अंगावरच.
बास माळ्यावर आहे, तारा गंजल्या असणार.
शिडी शेजारच्यांकडे,
आणि सकाळचे साडेपाच.