दिव्यासमोरची पाळी

बाटलीवर छापलेलं फळ चुकीचं आहे,
हे मी कुणाला सांगितलं नाही.
पेय लिंबाचं, सोहारच्या बारक्या, पातळ सालीच्या लिंबाचं,
आणि चित्र आमच्या बाणकोटच्या परसातल्या तोरंजनाचं,
जाड, खरबरीत, बेंबी वर आलेलं.
शेठ खल्फानने नाव ठेवलं तरंज,
आईच्या माहेरच्या एका झाडावरून,
जे आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. रंगाऱ्यानेही नाही.
तेव्हा कमरुद्दीन चाचा म्हणाले, तरंज म्हणजे तोरंजन, आणखी काय,
आणि क्रेटच्या फळीवर कोळशाने काढून दिलं.
देठाला दोन पानं. एक दुमडलेलं,
कारण फळी तिथे चिरली होती.

मशीन बसऱ्याहून आलं, वापरलेलं,
गलबतातून, खजुरांच्या गोण्यांखाली.
तासाला तीनशे बाटल्या, त्यातल्या चाळीस फुटायच्या.
बर्फ मत्राहून निघायचा आणि निम्मा पोचायचा.
किंमत पन्नास बैसा. बाटली आणून दिलीत तर दहा परत.

मी लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा.
काम एकच: दुधी काचेमागे ट्यूबलाइट,
काचेपुढून धुतलेल्या बाटल्या चालत जातात,
त्यांच्या आरपार बघायचं.
वीस मिनिटं बघणं, वीस मिनिटं क्रेट उचलणं, पुन्हा बघणं.
त्याहून जास्त बसलं की माणूस नुसता बघत राहतो,
दिसत काही नाही.

लोक काय काय ठेवायचे त्यात.
घासलेट. मध. डोळ्यांत घालायचं गुलाबपाणी.
एकदा विंचू, मेलेला, पण नांगी उभारून.
एकदा चिठ्ठी, शाई पार धुऊन गेलेली;
ती वाळवून मी पाकिटात ठेवली,
घरून आलेल्या पत्रांजवळ.
रमजानात मगरिबच्या आधी दारात ट्रकांची रांग,
आणि आम्ही कोरड्या घशाने
साखरेच्या वाफेत उभे.

मग लिंबं गेली.
आधी एका वाडीतली, मग सबंध किनाऱ्यावरची.
फांदीच्या टोकाला बारीक पानांचा झुबका यायचा, केरसुणीसारखा,
आणि झाड आतून वाळत जायचं.
सरकारी माणसांनी तोडली, जाळली.
तेव्हा सोहारच्या धुराला लिंबाचा वास होता.
आमच्याकडे निळे ड्रम आले, कुठल्याशा थंड देशातून.
चव तीच, सगळे म्हणाले तीच.
खल्फान एक घोट घेऊन बाहेर गेला
आणि भर दुपारी गाडीत बसून राहिला, काचा लावून.
लेबलावर 'ताज्या लिंबाचं' पुढची सहा वर्षं तसंच होतं.
छापलेले गठ्ठे शिल्लक होते, एवढंच कारण.

त्यानंतर डबे.
डब्याच्या आरपार काय बघणार?
ट्यूब काढली. दुधी काच फोरमनने
मेसच्या मोरीला लावली.
मला गोदामात दिलं, मोजणीवर.
खल्फानच्या मुलांनी कंपनी कधी विकली
ते आम्हाला पगाराच्या पावतीवरून कळलं,
वरचं नाव बदललं होतं.

परवा अयाज मस्कतच्या मॉलमधून एक बाटली घेऊन आला.
काचेची! तरंज, पुन्हा बाजारात,
किंमत विचारू नका.
लेबलावर तेच फळ, दोन पानं,
एक दुमडलेलं, चीर होती तिथेच.
कुणीतरी कॉम्प्युटरवर फार काळजीने उतरवलंय.
मी ती प्यालो नाही अजून.
खिडकीशी नेली, तिरकी केली, तळ फिरवून पाहिला.
काय बघताय एवढं, अयाजने विचारलं.
म्हटलं, काही नाही.
साफ आहे. जाऊ दे पुढे.