दोन तासांनी

साडेसहाला मी अर्धा पाव खाल्ला,
वर काकवी, एकच चमचा.
थंडीत आमच्याकडे काकवी लागतेच,
आई म्हणायची, ती रक्तात ऊब धरते.
आठ वाजून दहा मिनिटांनी
स्पूनर्स पॉइंटच्या वळणावर
रस्त्याचे दोन रस्ते झाले.

एक समुद्राकडे. एक शाळेकडे.
मी दोन्हींकडे बघत होते.

बाहेर उणे नऊ, आणि मी घामानं निथळतेय.
हात स्टिअरिंगवर होते, पण माझे नव्हते,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे.
एवढं मात्र सुचलं: ब्रेक, मग लाल दिवे, मग किल्ली.
किल्ली काढून मांडीवर ठेवली
आणि तिचं नाव आठवेना.
किल्लीचं.

मागे अकरा मुलं.
आधी गप्प झाली, मग फारच गप्प.
"टायसन" म्हणायचं होतं मला,
तोंडातून भिजल्या लोकरीचा गोळा निघाला.
आठ वर्षांचा तो पोरगा उठून पुढे आला
आणि माझं तोंड हुंगलं त्यानं, अगदी जवळून.
काय शोधायचं ते त्याला ठाऊक होतं,
घरी शिकलेला.
"नाही," म्हणाला, सगळ्या बसला ऐकू जाईल असं,
"वास नाहीये."
मग स्वतःच्या डब्यातल्या सफरचंदाच्या ज्यूसला
नळी टोचून माझ्या ओठांशी धरली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं:
व्हर्ना पाइक पिऊन बस चालवत होती.
मी! बाप शेडमध्ये बाटलीशेजारी गेला माझा,
मी स्वतःच्या लग्नातही जिंजर एल घेतलं.
ह्याच बायकांनी चर्चच्या पायऱ्यांवर
मला गोल फिरवून पाहिलं होतं,
एकशे एक्केचाळीस किलो कुठे गेले म्हणून.
सेंट जॉन्सच्या डॉक्टरनं पोट शिवून
अंड्याएवढं ठेवलं, बाकीचं वळवून दिलं.
बसचा पट्टा पहिल्यांदा वीतभर उरला
त्या दिवशी इंजिन सुरू न करता
किती वेळ बसून होते मी.

नर्स फिलोमिना पाकिटाच्या पाठीवर चित्र काढते.
अन्न आता थेट आतड्यात कोसळतं,
शरीराला वाटतं, केवढी ही पंगत,
आणि ते इन्शुलिन वाढायला घेतं शंभर पानांचं.
पाहुणा एकच. अर्धा पाव.
"म्हणजे गोड खाल्लं म्हणून साखर उतरली?"
"हो."
"आणि उतरली की गोडच खायचं?"
ती पेनचं टोपण लावते, काढते.
"थोडंसं. आणि मागोमाग चीज, शेंगदाणे, काहीतरी.
नुसतंच गोड घेतलं तर पुन्हा घसरतेस."

म्हणजे साडेनऊला शाळेच्या ऑफिसात
खुर्चीसकट मी कलंडले,
तो टायसनचा ज्यूस होता.
हे त्याला मी कधी सांगणार नाही.

परवाना काढून घेतलाय, सध्यापुरता म्हणे.
बस आता क्लेरन्स चालवतो, वळणावर नको तेवढी जोरात.
मी खिडकीतून मोजते. अकरा टोप्या.
दर तीन तासांनी मूठभर जेवते, घड्याळ लावून,
भूक असो नसो,
आणि पाणी जेवणानंतर, अर्ध्या तासानं.
काकवीची बाटली आल्बननं कुठे ठेवलीय
ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

दंडावर चिकटवलेली चकती
रात्री तीनला किंचाळते.
तो अंधारातच उठतो,
एक गोळी जिभेवर, मग शेंगदाण्याचं लोणी, चमचाभर,
आणि पलंगाच्या कडेला बसून विचारतो,
"नाव काय तुझं?"
मी सांगते.
"माझं?"
तेही सांगते. मग तो झोपतो, पाय गार असतात त्याचे.

काल मला गंमत सुचली.
"माझं?" म्हणाला तेव्हा
त्याच्या मेलेल्या भावाचं नाव घेतलं.
हसला नाही.
दिवा लावला.