फाटक

दीपनगरच्या अलीकडचं फाटक. दुपारचे पावणेतीन.
मे महिना, आकाशाला रंगच नाही.
गेटमन तायडेनं हँडल फिरवलं
आणि लाल-पांढरा दांडा
आमच्या कपाळाशी येऊन थांबला.

सगळ्यांनी गाड्या बंद केल्या
आणि सगळ्यांचे हात एकदम खिशात गेले.
पूर्वी फाटक पडलं की माणसं उतरायची.
बिडी, तंबाखू, 'कुठी चालला भो',
केळीचा भाव, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं.
आता माना खाली.
केळीच्या टेम्पोतला खेमचंद
कुठल्याशा बर्फाच्या गावात
कोणी भजी तळतंय ते बघतोय.
वऱ्हाडाच्या क्रूझरमध्ये एकच गाणं
तीन फोनांवर, तिन्हींत थोडं मागेपुढे.
स्कूटीवरच्या फेगडेबाई
सकाळचा गुलाब आत्ता पाठवताहेत
एकशे चाळीस जणांना. राहून गेला होता.

माझाही फोन थरथरला.
शुभ सकाळ. गुलाबावर दव.
बाई माझ्यापुढे चार हातांवर.
मागे वळून 'काय म्हणता, भाऊ' म्हटलं असतं
तरी भागलं असतं.
त्याऐवजी गुलाब कुठे कुठे जाऊन आला,
कुठल्या यंत्रानं तो झेलला, नोंदला, जपून ठेवला
आणि परत याच फाटकावर आणून सोडला.
चार हात.

मग मालगाडी आली. कोळशाची.
उघडे डबे, वळणावर उडणारी भुकटी,
ओठांवरून जीभ फिरवली की कळते.
गाडी दीपनगरलाच चाललेली.
तिथे हा जळेल, तारांमधून निघून जाईल
आणि जे तारेत मावत नाही ते इथे राहील.
केळीच्या पानांवर,
गच्चीत वाळत घातलेल्या बिबड्यांवर.
बायको बिबडे उचलताना प्रत्येकावर एक फुंकर मारते.
तिला फुंकरीची सवय झाली आहे,
मला त्या चवीची.

भाचा लोकेश ऐरोलीला असतो.
खिडक्या नसलेल्या इमारतीत रात्रपाळी.
नुसती कपाटं, म्हणतो, मामा,
आणि गार इतकं की मे महिन्यात स्वेटर लागतो.
ताईनं विणून दिला.
भुसावळच्या बाईनं, मे महिन्यासाठी, स्वेटर!
हसून हसून पुरेवाट झाली होती आमची.
मग मी विचारलं, त्या कपाटांत असतं काय?
म्हणाला, तुमचंच. सगळ्यांचं.
गुलाब. हळदीचे व्हिडिओ.
कोणी पुन्हा उघडून न बघितलेले फोटो.
तापतात ना मामा, गार ठेवावे लागतात.

इथे शेहेचाळीस.
आई दुपारची ओलं लुगडं खिडकीला लावते,
ते पाऊण तासात कडक होतं.

मी डबे मोजत होतो.
सोळाव्याला वाटलं, याचा व्हिडिओ काढावा,
कोळसा, खाली घातलेल्या माना, सगळं एका चौकटीत.
काढला. लोकांना पाठवला.
खाली दोन ओळीही लिहिल्या, जरा टोचतील अशा.
रेंज कमी. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं,
समोरची चाकं फिरत राहिली.
गेला एकदाचा.
लगेच फेगडेबाईंचा अंगठा आला.
वळल्या नाहीत.

शेवटचा डबा गेला. अठ्ठावन्न.
टेम्पोच्या फाळक्यावर खेमचंदचा मुलगा बसलेला,
बापाचा जुना फोन मांडीवर, बॅटरी संपलेली,
तोंड काळपट, डोळे रुळाकडे.
म्हणाला, एकोणसाठ.
म्हटलं, अठ्ठावन्न रे. मी मोजलेत.
'एकोणसाठ हायेत, काका.
तुम्ही मधात खाली पाहत होते.'

दांडा वर गेला.
मागून हॉर्न वाजायला लागले.