नाट्याच्या बर्फकारखान्यात मदरबोर्ड बदलताना

कॅबिनेटची बाजू उघडली तर आत
पालीची दोन अंडी, रिकामी,
आणि बोर्डावर हिरवा बुरा.
तांब्याला अमोनिया लागला की असाच चढतो,
वरून खाडीचा खारा वारा, बारा महिने.
चार कपॅसिटर टम्म,
शिळ्या बांगड्याच्या पोटासारखे.
"संपला," मी म्हटलं.
सुलभाताई आडिवरेकर चष्म्यावरून म्हणाल्या,
"मग नवा घाल. एक तारखेला होड्या लोटतील.
अकरा दिवस मी वहीत लाद्या मांडतेय."

नवा मी राजापूरहून एसटीत मांडीवर घेऊन आले.
कंडक्टरला वाटलं, मिठाई.

पिशवी फाडण्याआधी मी हात लोखंडी नळाला लावला,
अंगातली वीज उतरवायला.
दारात इब्राहिमचाचा होडेकर उभे, इंजिनवाले:
"वजू करतेस काय?"
"तसंच काहीसं."
मग ते आत आले, बॅटरी धरून उभे राहिले.

प्रोसेसरच्या त्रिकोणाला सॉकेटचा त्रिकोण.
दांडी दाबताना कर्रकन आवाज होतो
आणि दर वेळी वाटतं, मोडला.
पेस्ट चवळीच्या दाण्याएवढी.
रॅमच्या पट्ट्या, टक्, टक्.
पुढच्या बटणाच्या वायरी मात्र मुंगीच्या पायांएवढ्या,
त्यांवरची अक्षरं चाचांना दिसेनात, मलाही.
अंदाजानं लावल्या.

बटण दाबलं.
पंखा अर्धा फेरा फिरला नि थांबला.
परत. अर्धा फेरा.
रॅम काढली, एकच लावली, दुसऱ्या खाचेत लावली.
आठ पिनांचा प्लग उपटून पुन्हा खुपसला.
गोल सेल काढून मनात पन्नास मोजले.
अर्धा फेरा.
बाहेर टाकीत मिठाचं पाणी घुमत होतं,
सुलभाताई काही विचारत नव्हत्या, तेच जड जात होतं.

"खालून कायतरी लागताय त्याला," चाचा म्हणाले.
"शाफ्ट घासली की इंजिन असाच दम तोडता."

नऊ स्क्रू सोडवले, बोर्ड उचलला.
खाली एक पितळी स्टड उभा,
जुन्या बोर्डाचा, नव्याला जिथे भोकच नाही तिथे,
टोक सोल्डरला टेकलेलं.
आयटीआयच्या पोरांना मी पहिल्या तासाला सांगते,
आधी स्टड मोजा.
चाचांनी पकडीनं तो सोडवला,
शर्टाच्या खिशात टाकला. बोलले काही नाहीत.

मग एकच बारीक शीळ.
"बोलला गो!" सुलभाताई.

बायोसमध्ये तारीख एक जानेवारी, मध्यरात्र.
"आमच्या जुन्यातही हीच असायची," त्या म्हणाल्या.
सेल कधीच मेला होता त्याचा.
चार वर्षांची बिलं, सगळी एक जानेवारीची.
नाट्याचा सगळा बर्फ एकाच रात्री विकला गेलेला,
सगळ्या होड्या एकाच रात्री समुद्रात.
त्यात 'दर्यानूर'च्याही सहा लाद्या,
उधारीच्या, अजून न खोडलेल्या.
"ती नक्की कुठल्या तारखेला गेली,
ते यात कुठे सापडणार?"

चाचांनी बॅटरी विझवली.
"शुक्रवार होता.
इंजिन मीच बसवलेला."

कुणी काही बोललं नाही.
मी आजची तारीख घातली, जुलै, एकोणतीस,
मिनिटं भिंतीवरच्या घड्याळावरून.
मग आणखी एक सेटिंग:
वीज गेली आणि परत आली, तर काय करायचं?
बंद राहायचं, की आपण होऊन सुरू व्हायचं,
की गेली तेव्हा जसं होतं तसं?
सुलभाताईंना विचारलं.
"इथे दिवसातनं चारदा जाते.
सुरू होऊ दे बाई, मी काय रात्री उठून येणार?"

सेव्ह केलं. पडदा काळा झाला, मग निळा.
त्यांनी पहिलं बिल टंकलं, दोनदा तारीख पाहिली,
आणि वहीतही लिहिलं.
"असू दे, वहीपण असू दे."

चाचा उतारावरून जेटीकडे गेले.
खिशात तो स्टड तपकिरीच्या डबीला लागून
वळणापर्यंत ऐकू येत होता.