पंचवीसचा कट्टा

इंजिन उतरवलं तेव्हा राजमौली चिलवेरी
एक शब्द बोलला नाही.
साखळी कुरकुरली, कडुनिंबाची फांदी जरा वाकली,
आणि पद्मिनीच्या तोंडात काळोख उरला.
त्यात तो पुन्हा पुन्हा डोकावत राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी
जीभ जाते तसा.

हजार एकोणनव्वद सीसी. बापाची गाडी.
मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे, डिकीत टॉवेल,
लातूर, विजापूर, गुलबर्गा, परत.
आता ते इंजिन गोणपाटावर, कडब्याच्या पेंढीला टेकून.

नवं म्हणजे तेही जुनंच.
कुठल्याशा चेअरमनची कॉन्टेसा, शेडमध्ये उभी,
कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात.
अठराशेचं इंजिन. पाच गिअर.
"बसतंय का बघ की," राजमौली म्हणाला.
मी टेप लावली.
बसत नव्हतं.

मग मौलाली नदाफनं घणानं
डॅशबोर्डामागचा पत्रा आत रेटला,
रेडिएटर पुढं ढकलला, बॉनेट मिटेना
म्हणून त्याला खिडकी कापली.
पुढच्या स्प्रिंगा दबल्या. गाडी
नमस्कारासाठी वाकल्यासारखी दिसायला लागली.

माझं काम शाफ्टचं.
एक तोंड कॉन्टेसाचं, दुसरं पद्मिनीचं,
मधली नळी कापायची, जोडायची,
लेथवर धरून केसाइतकाही थरकाप राहू द्यायचा नाही.
तीन रात्री लागल्या. अशोक चौकात लाइट गेली की
मी नळीवरून हात फिरवत बसायचो.
टाका कुठं आहे ते बोटांना कळायचं बंद झालं,
तेव्हा म्हटलं, झालं.

बालामणी उंबऱ्यात. मांडीवर सूप, तंबाखू, कात्री.
विडी वळायला वेळ लागतो, मोजायला नाही;
मोजताना तिचा हात घड्याळापेक्षा पक्का.
जुन्या इंजिनावर पाव मैलाला
पंचवीस मोजले होते तिनं.
बरोबर एक कट्टा.
"दोरा बांधायचा आणि ठेवून द्यायचं," म्हणाली होती.
राजमौलीला ते लागलं होतं.

एप्रिलचा रविवार. दहानंतर डांबर चप्पल धरतं,
म्हणून साडेसहालाच,
अजून न उघडलेल्या बायपासवर.
शेजारच्या पट्ट्यात बार्शीची निळी मारुती,
पोरगा विशीतला, हातमोजे घातलेला.
राजमौलीच्या डोक्यात स्कूटरचं हेल्मेट.
झेंडा पडला.

ओकटी, रेंडू, मूडू,
बालामणीचे ओठ, बोटं, मांडीवर मांडी,
मागच्या टायरांचा धूर तिच्या पदरावर,
एनिमिदी, तोम्मिदी,
मारुती मागं. मारुती मागं पडली!
मौलाली ओरडत होता काहीतरी, कन्नडमध्ये बहुतेक,
पन्नेंडू, पदमूडू,
खाड.

आवाज उंच गेला, एकटाच,
इंजिन पिसाटलं, गाडी नाही.
माझ्या पोटात आधी माझा टाका तुटला.
पद्मिनी घरंगळत राहिली, नुसत्या मिळालेल्या वेगावर,
निळं काहीतरी तिच्या शेजारून निघून गेलं,
आणि रेषेवरून ती ओलांडली तेव्हा
बालामणी म्हणाली, "पंदोम्मिदी."
एकोणीस.

गाडीखाली शिरलो. माझा शाफ्ट तसाच, सरळ.
तुटला होता त्याच्या पलीकडचा अॅक्सल, बापाच्या वेळचा,
ज्याला कुणी हात लावला नाही, ज्याची आठवण
कुणालाच झाली नाही.
सगळी ताकद शेवटी त्याच्याच अंगावर गेली.
तुटलेलं तोंड गुळाच्या ढेपेसारखं दाणेदार, आणि गरम.

राजमौलीनं ते तळहातावर घेतलं. जिंकलेल्या पोराला
शेंगाचटणीची पुडी दिली, हसला.
मग माझ्याकडं वळून, "ह्याच्याहून जाड करता येईल?"

"जाड वळली की चेकर छाटतो,"
बालामणी सूप आवरत म्हणाली.
जरा थांबून,
"पण सहा उरल्यात की अजून कट्ट्यात."